‘ट्वेल्व्ह-बार ब्लूज’ला बारा मात्रांचा ब्लूज म्हणावं का?

प्रश्न असा आहे: ब्लूजवरच्या (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातून आलेल्या गाण्यांवरच्या) मराठी लेखात ‘ट्वेल्व्ह-बार’साठी ‘बारा मात्रा’ चालेल का?

नाही चालणार. मात्रा म्हणजे एक ठोका, आणि बार म्हणजे ठरावीक ठोक्यांचा एक तुकडा. ब्लूजच्या एका बारमध्ये सहसा चार ठोके असतात, म्हणजे बारा बारच्या 48 मात्रा झाल्या. ‘बारा मात्रा’ वाचलं की आपल्याकडच्या वाचकाच्या डोक्यात बारा मात्रांचा एकताल सुरू होतो आणि पुढचा सगळा हिशेब कोलमडतो. अगदी मराठी शब्दच हवा असेल तर ‘विभाग’ घ्या. भातखंडे लिपीत उभ्या रेघांनी वेगळा केलेला तालाचा तुकडा तो हाच. मी मात्र ‘बार’च ठेवेन, कारण ब्लूजला टाळी-खाली नाही आणि ‘विभाग’ म्हटलं की लोक ती शोधू लागतात.

कडव्यात तीन ओळी असतात: पहिली, तीच पुन्हा आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक ओळीला चार बार, म्हणजे तीनतालाच्या एका आवर्तनाएवढी जागा. गाणारा त्यातले दोन-अडीच बार घेतो, उरलेल्यात गिटार बोलते. ‘ई’ पट्टीत वाजवताना पहिले चार बार ई कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर), पाचव्या-सहाव्याला ए, सातव्या-आठव्याला परत ई, नवव्याला बी, दहाव्याला ए (किंवा बीच धरून ठेवायची), शेवटचे दोन ई.

पण बारा हा आकडा काही सुरुवातीपासूनचा कायदा नव्हे. 1912 मध्ये छापल्या गेलेल्या संगीतकार डब्ल्यू. सी. हॅंडी यांच्या ‘मेम्फिस ब्लूज’मध्ये बारा बारचे भाग आहेत, तसा सोळाचाही आहे. 1926 ते 1929 मध्ये रेकॉर्ड झालेला गायक-गिटारवादक ब्लाइंड लेमन जेफरसन ओळीनंतर गिटारची तान मनाला येईल तेवढी लांबवतो. त्याचे बार मोजायला बसलात तर साडेतेराही भरतील. एकटा गाणारा-वाजवणारा असला की हे खपतं. सोबत बेस आणि ड्रम आले की खपत नाही: गायक दोन ठोके जास्त थांबला, तर बेसवाला पाचव्या बारला ए वर गेलेला असतो आणि गिटार अजून ई वरच.

जाता जाता, या बारा बारच्या एका फेरीला वादक ‘कोरस’ म्हणतात. त्याचं ‘समूहगान’ करू नका. इथे ‘आवर्तन’ बरोबर बसतं.