मे महिन्यात पेटीत ठेवलेली तीस अंडी

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्याकडे नऊ गावठी कोंबड्या अन् एक कोंबडा आहे. यंदा एकही कोंबडी खुडूक बसली नाही, म्हणून अक्षय तृतीयेनंतर थर्माकोलच्या पेटीत बल्ब अन् थर्मोस्टॅट लावून ३० अंडी ठेवली. अंडी पंधरा दिवस स्वयंपाकघरातल्या फडताळात जमवली होती. सातव्या दिवशी मोबाइलच्या टॉर्चवर पाहून ११ काढून टाकली. उरलेल्या १९ मधून ६ पिल्लं निघाली. ८ अंड्यांत पिल्लू पूर्ण तयार होतं, पण मेलेलं. त्यातल्या तिघांनी कवचाला टोचही मारली होती, पिसं आतल्या पापुद्र्याला चिकटली होती. ५ अंडी सडली. सासूबाई म्हणतात, टॉर्चचा उजेड लागला अन् वरून वीज कडाडली, म्हणून मेली. आमचे हे म्हणतात, मोठी मशीनच आणू. माझं कुठं चुकलं? अडकलेलं पिल्लू आपण बाहेर काढावं का?
— एक वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : मशीन आणू नका, निदान यंदा तरी नको. तुमच्या पेटीत खोट नाही, महिना चुकला.

थर्मोस्टॅट बल्ब लावतो अन् विझवतो, एवढंच त्याचं काम. पेटी गरम करणं त्याच्या हाती आहे, थंड करणं नाही. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४२ च्या पुढे जातो, टिनाखालची खोली दुपारी चुलीसारखी होते. तेव्हा बल्ब विझलेला असला तरी पेटी तापतच राहते. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागते ती ऊब अशी : पेटीत पंखा असेल तर ३७.५ अंश, पंखा नसेल तर अंड्यांच्या माथ्याशी साधारण ३८.५. थोडं थंड झालेलं अंडं काही तास तग धरतं, लाइन गेली तरी लगेच मरत नाही. पण ४० च्या वर काही तास गेले की आतला जीव जातो. आपण सगळे थंडीला भितो, विदर्भात अंड्याचा वैरी उन्हाळा आहे.

अन् नुकसान पेटीच्याही आधी सुरू झालं होतं, त्या फडताळात. अंड्यातला जीव २१ अंशांच्या आसपास जागा व्हायला लागतो. तुमचं स्वयंपाकघर मे महिन्यात ३५ च्या खाली येत नसेल. तिथे पंधरा दिवस पडलेलं अंडं ना धड उबतं, ना धड झोपतं. अर्धवट वाढतं अन् दमून जातं. म्हणून मला वाटतं, तुमच्या ११ अंड्यांपैकी बरीचशी वांझ नव्हती. नऊ कोंबड्यांना एक कोंबडा पुरेसा असतो. त्या अंड्यांत काय दिसलं ते तुम्ही लिहिलं नाही, आणि सगळी गोष्ट तिथेच आहे.

मी कसं पाहते ते सांगते. रात्री दिवे घालवायचे. पुठ्ठ्याच्या खोक्याला रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान भोक पाडायचं, आत टॉर्च उभा करायचा अन् अंड्याची रुंद बाजू भोकावर टेकवायची. फळलेलं अंडं सातव्या दिवशी लालसर उजळतं. मधोमध एक काळा ठिपका असतो, त्याच्या चहूबाजूंनी बारीक शिरा पसरलेल्या, पळसाचं पान उन्हात धरल्यावर दिसतात तशा. हात स्थिर ठेवला तर तो ठिपका हलतो. कितीही वर्षं झाली तरी त्या क्षणी मी श्वास रोखून धरते. वांझ अंडं नुसतं पिवळं, स्वच्छ दिसतं, आत फक्त बलकाची सावली फिरते. अन् तिसऱ्या प्रकारात शिरा नसतात, फक्त लाल रेघेचं एक कडं असतं. ते अंडं फळलं होतं, जीव धरला होता, मग तीन-चार दिवसांत गेला. स्वच्छ अंडी जास्त निघाली तर कोंबड्याकडे बघायचं. कडी जास्त निघाली तर साठवण अन् उष्णतेकडे. काढलेलं अंडं न पाहता उकिरड्यावर टाकू नका, बशीत फोडून बघा, बरोबर पाहिलं की नाही ते तिथेच कळतं. गडद कवच असेल तर सातव्याऐवजी दहाव्या दिवशी पाहा, घाईत चांगलं अंडं जातं.

आता ती आठ पिल्लं. पिसं पापुद्र्याला चिकटली, याचा अर्थ हवा कोरडी होती. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते, ती रोज थोडी वाढते. मे महिन्याच्या वाऱ्यात अंडं भराभर सुकतं, पोकळी मोठी होते, पापुद्रा कागदासारखा चिवट होतो अन् पिल्लाला आत वळताच येत नाही. पहिले १८ दिवस ओलावा ५० ते ५५ टक्के हवा, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. ओलावा दाखवणारं लहान यंत्र स्वस्त मिळतं, ते आधी घ्या. पाण्याचं भांडं खोल नको, पसरट हवं. पाणी किती आहे यापेक्षा त्याचा पृष्ठभाग किती उघडा आहे, त्यावर ओलावा ठरतो. अन् प्रत्येक अंड्यावर सातव्या, चौदाव्या, अठराव्या दिवशी पोकळीच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा. अठराव्या दिवशी पोकळी अंड्याच्या साधारण तिसऱ्या भागाएवढी असावी. माझ्याकडे अशा तीन-तीन रेघांची कवचं खोक्यात जपलेली आहेत, शेजारच्या पोरींना दाखवायला.

सडलेल्या पाच अंड्यांचं थोडक्यात : ओल्या फडक्याने पुसली असतील तर तेच कारण. कवचावरचं संरक्षण निघून जातं अन् घाण आत शिरते. किंवा कवचाला केसासारखा तडा असेल. अंडं ठेवण्याआधी टॉर्चवर पाहिलं तर तो दिसतो.

सासूबाईंना सांगा, अर्धा मिनिट टॉर्च धरल्याने काही होत नाही. विजेच्या कडकडाटानेही नाही. माझी आजी विजेच्या भीतीने अंड्यांजवळ लोखंडी खिळा ठेवायची, मीही तो काढायला सांगत नाही. पण कडकडाटाबरोबर लाइन जाते. त्या रात्री तुमच्याकडे किती वेळ अंधार होता ते आठवून पाहा.

अडकलेल्या पिल्लाचं विचारलंत. पहिली टोच मारल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागतात, मधे ते तासन्‌तास गप्प पडतं. आर्वीच्या घरी माझ्या दुसऱ्या खेपेला असं एक पिल्लू सकाळपासून गप्प होतं. दुपारी माझ्याने राहवलं नाही, मी नखाने कवच सोललं. पापुद्र्यातल्या शिरा अजून भरलेल्या होत्या. रक्ताचा एक थेंब माझ्या बोटावर आला, मग दुसरा, अन् ते माझ्या तळहातावरच गेलं. त्याला आणखी काही तास हवे होते, एवढंच. तेव्हापासून २४ तास उलटल्याशिवाय मी हात लावत नाही. त्यानंतरही आधी कोमट पाण्याचा बोळा पापुद्र्यावर फिरवते, रक्त दिसलं की तिथेच थांबते. दर तासाला झाकण उघडून बघण्याने ओलावा जातो अन् बाकीची अडकतात. निघालेली पिल्लं पोटातल्या बलकावर दोन दिवस सहज काढतात, त्यांना बाहेर घ्यायची घाई नको.

पुढची खेप दसऱ्यानंतर ठेवा. पावसाळ्यात उलटा त्रास असतो : हवा ओली, पोकळी वाढत नाही अन् पिल्लू आतच गुदमरतं. तेव्हा पहिले १८ दिवस पाण्याचं भांडं काढूनच ठेवावं लागतं. दसरा ते होळी हा आपला खरा हंगाम. थंडीच्या रात्री पेटीवर गोधडी टाका, भोकं मात्र उघडी ठेवा. अंडी सात दिवसांपेक्षा जास्त जमवू नका. पसरट टोपल्यात वाळू घालून ती ओली ठेवा, वाळूत मातीचं मडकं रोवा अन् त्यात अंडी निमुळतं टोक खाली करून ठेवा, वर सुती फडकं. पेटीत दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा, म्हणजे रात्रीची मोठी वेळ रोज एकाच कुशीवर जात नाही. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा. अठराव्या दिवसानंतर फिरवणं बंद.

प्रश्न : किराणा दुकानातली पांढरी अंडी पेटीत ठेवली तर पिल्लं निघतील का?
— एक वाचक, साकोली, जि. भंडारा

उत्तर : नाही. त्या फार्मवर कोंबडा नसतो, ती अंडी फळलेलीच नसतात. आठवडी बाजारात गावठी अंडी घेताना विकणाऱ्या बाईला दोनच गोष्टी विचारा : घरी कोंबडा आहे का, अन् अंडं कोणत्या दिवसाचं आहे.