ग्राफिक्स कार्ड नंतर घ्या, आधी फोनच्या क्लिप तपासा

तुमचा प्रश्न असा: प्रीमियर या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओचं एडिट, एक्सएमएलने (कट कुठे आहेत ते दुसऱ्या सॉफ्टवेअरला सांगणारी फाइल) रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रेडिंग (रंग-उजेड सुधारणं), आणि तिथे गेल्यावर कॅमेऱ्याचे शॉट जागेवर पण फोनचे दोन-चार फ्रेम सरकलेले. शिवाय टाइमलाइन (क्लिप ओळीने मांडलेली पट्टी) अडखळते म्हणून नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचा विचार. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. शॉट सरकण्याशी कार्डाचा काही संबंध नाही. प्रॉक्सी (एडिटपुरत्या हलक्या नकला) वगैरे तुम्हाला येतच असेल, ते सोडून देतो.

दोष बहुधा व्हेरिएबल फ्रेमरेटचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हे बदलत राहण्याचा. फोनवर ३० लिहिलेलं असलं तरी उजेड कमी झाला की फ्रेममधलं अंतर कमी-जास्त होतं. प्रीमियर आणि रिझॉल्व्ह ती उणीव आपापल्या पद्धतीने भरतात, एक्सएमएलमधून मात्र नुसते आकडे जातात. मग एकाकडचा १४२०वा फ्रेम दुसऱ्याकडे १४१७वा निघतो. क्लिप लांब असेल तर घसरण वाढत जाते.

मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा. फ्रेमरेट मोडपुढे 'व्हेरिएबल' दिसलं तर एडिटला हात लावण्याआधी शटर एन्कोडर या फाइल रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (न बदलणाऱ्या) फ्रेमरेटची प्रोरेस ४२२ किंवा डीएनएक्सएचआर (एडिटिंगसाठीचे फॉरमॅट) फाइल करून घ्या. डिस्कवर जागा भरपूर जाते, पण यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेला असल्याने टाइमलाइनही हलकी होते. फुटेज १० बिट लॉग (ग्रेडिंगसाठी फिकट रंगात केलेलं चित्रण) असेल तर डीएनएक्सएचआरमध्ये एचक्यूएक्स हाच प्रकार निवडा. एचक्यू ८ बिटांचं आहे. ग्रेड करताना आकाशात पट्टे दिसू लागतात आणि दोष लटचा (रंग बदलायचा तयार तक्ता, एलयूटी) समजून माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

एडिट आधीच झालं असेल तर आता फाइल बदलून रिलिंक (नवी फाइल जुन्या कटांना जोडणं) करू नका, कट पुन्हा सरकतील. सगळी टाइमलाइन प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये एकसंध काढा, टायटल आणि लुमेट्री (प्रीमियरमधली रंगसुधारणा) बंद ठेवून, आणि रिझॉल्व्हमध्ये सीन कट डिटेक्शनने (कट आपोआप ओळखणारी सोय) तोडा. डिझॉल्व्हच्या (एक शॉट दुसऱ्यात विरघळतो त्या) जागी हाताने काम करावं लागेल आणि हँडल (कटाच्या मागचे-पुढचे जादा फ्रेम) मिळणार नाहीत, पण शॉट हलणार नाहीत.

ग्रेडिंग बाहेर देणार असाल तर टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळ) चित्रावर छापलेली रेफरन्स फाइल ताडून पाहायला सोबत द्याच. काही स्टुडिओ 'एक्सएमएल पाठवा' एवढंच सांगतात आणि शॉट चुकले की 'तुमचीच फाइल खराब' म्हणून हात झटकतात. पहिल्याच फोनवर फ्रेमरेट न विचारणाऱ्या स्टुडिओकडे मी तरी काम देणार नाही.

माझं मत विचाराल तर (प्रत्येकाची सवय वेगळी, क्लायंटला प्रीमियरचं प्रोजेक्टच हवं असेल तर इलाज नाही) एडिटही रिझॉल्व्हमध्येच करा. एक्सएमएलची कटकटच संपते. फक्त टाइमलाइनचा फ्रेमरेट क्लिप आत घेण्याआधी ठरवा, नंतर तो बदलू देत नाही.

रिझॉल्व्हमध्ये ग्रेडिंगच्या नोडचा (एकामागून एक लागणाऱ्या टप्प्यांचा) क्रम: नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करणं), मग एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स, मग त्वचा-आकाश असे वेगळे भाग, आणि लॉगचं रेक. ७०९ (नेहमीच्या एचडी पडद्याचं रंगमानक) करणारा लट सर्वांत शेवटी. लट आधी लावला की ढगांचे तपशील तिथेच कापले जातात, पुढच्या नोडमध्ये कितीही खाली ओढा, नुसता करडा डाग हाती लागतो. नॉइज रिडक्शनचा नोड कॅश करून (आधीच तयार करून साठवून) ठेवा. टाइमलाइन तरीही अडखळली, तर मग कार्डाचं बघा.