लिंबाच्या रसापासून कार्बन डॉट्स बनवून बोअरच्या पाण्यातला पारा ओळखता येईल का? एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे.

डॉट्स, म्हणजे अतिनील प्रकाशात चमकणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कण, बनतील, चमकतील, पाऱ्याने विझतीलही. पण तुम्ही 'बोअरच्या' पाण्याचं विचारलंय, म्हणून लिहायला बसलो.

आमचाही प्रोजेक्ट हाच होता. लिंबाचा रस आणि युरिया टेफ्लॉनच्या डबीत, बाहेरून स्टीलचं कवच, ओव्हनमध्ये १८० अंशांवर सहा तास. निघतं ते कोऱ्या चहासारखं दिसतं, पण नोटा तपासायच्या ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली धरलं की निळंशार. पहिल्या दिवशी होस्टेलची पोरं बघायला बोलावली होती. डिस्टिल्ड वॉटरमध्ये मर्क्युरिक क्लोराईड (पाऱ्याचा क्षार) वाढवत गेलो, चमक उतरत गेली, ग्राफ फूटपट्टीने आखल्यासारखा. सर खूश.

मग मला अवदसा आठवली. दिवाळीहून येताना मामाच्या बोअरचं बाटलीभर पाणी आणलं. ते घातलं आणि चमक निम्म्यावर. सर म्हणाले, "पारा! पेपर होतोय." मामाच्या शेताच्या आजूबाजूला ज्वारी आणि एक पिठाची गिरणी, पारा कुठून येणार? बाटलीच्या तळाला तांबूस गाळ बसला होता. गाळासकट थोडं पाणी आम्लात घेतलं, थायोसायनेटचे दोन थेंब टाकले, लालभडक. लोह! लोहाचा फेरिक आयन हे डॉट्स तितक्याच आनंदाने विझवतो. चिमूटभर व्हिटॅमिन सी टाकून फेरिक घालवल्यावर चमक बरीचशी परतही आली. या रीडिंगचा तक्ता मी थिसिसमध्ये लावला. सरांनी पान काढायला लावलं. "परीक्षक नको ते विचारतील."

आता विचारा मला. आमच्या ग्राफचा पहिला बिंदू १ मायक्रोमोलर होता, म्हणजे लिटरला ०.२ मिलीग्रॅम पारा. पिण्याच्या पाण्याची आयएस १०५०० या भारतीय मानकातली मर्यादा ०.००१ मिलीग्रॅम. दोनशे पट! इतका पारा कुठल्या बोअरमध्ये सापडला तर सेन्सर नको, पोलीस बोलवा. माझ्या मते डिस्टिल्ड वॉटरमध्ये पारा घालून तोच पारा 'शोधणं' म्हणजे स्वतःच लपवलेली चावी स्वतःच शोधणं.

हे सगळं साध्या लिंबू-युरिया डॉट्सबद्दल. पृष्ठभागावर नेमक्या धातूला धरणारा रेणू जोडलेले डॉट्स वेगळे, त्यांवर मी हात चालवलेला नाही. पाऱ्याऐवजी शिसं शोधायचं असेल तर कार्बनच्या नॅनोट्यूब किंवा ग्राफीन लावलेला इलेक्ट्रोड मला जास्त पटतो: धातू आधी इलेक्ट्रोडवर गोळा करायचा, मग उतरवायचा, प्रत्येकाचं शिखर आपापल्या व्होल्टेजला. तिथेही तांबं त्रास देतं. कॉलेजात पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडचं व्होल्टेज सांभाळून करंट मोजणारं यंत्र) असेल तर तिकडे वळा.

डॉट्सच करायचे असतील तर पारा घालण्याआधी नुसत्या बोअरच्या पाण्याचं रीडिंग घ्या, लोहाचं वेगळं घ्या, आणि तो तक्ता पुरवणीत नाही, मुख्य प्रकरणात लावा. गाईड काढा म्हणाले तर माझं हे उत्तर दाखवा. माझं काढलेलं पान अजून कपाटात आहे, हवं तर फोटो टाकतो.