रात्री पाठ, सकाळी सपाट

"मॅडम, याच्या डोक्यातच काही कमी आहे का, ते एकदा बघा." आईने हे मुलासमोरच म्हटलं. सहावीतला ओम (नाव बदललंय) खुर्चीच्या कडेवर बसून दप्तराची चेन उघडत होता, लावत होता. रात्री धडा घडाघडा म्हणतो आणि पेपरात काही आठवत नाही, ही तक्रार. परीक्षांच्या आगेमागे माझ्याकडे ती येतेच.

या ताईंनी आधी 'मिडब्रेन' जागा करणाऱ्या एका क्लासवर पैसे घालवले होते. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावतात, तो प्रकार. मध्यमेंदू जन्मापासून जागाच असतो. अचानक आवाज झाला की आपली मान तिकडे वळते, त्यात त्याचाच हात असतो. आणि पट्टीखाली नाकाजवळ फट राहते, हे ओमनेच मला हळूच सांगितलं.

मी त्याला दोन्ही मुठी जोडायला लावल्या. "साधारण एवढा तुझा मेंदू. मोठ्या माणसाच्या वजनात त्याचा वाटा दोन टक्के, पण बसल्या बसल्या शरीराची वीस टक्के ऊर्जा एकटा खातो."

"आमच्या दादासारखा," ओम म्हणाला. तिथून गडी खुलला.

मग इतिहासाचं पुस्तक काढलं. हडप्पा संस्कृतीचा एक परिच्छेद त्याने डुलत डुलत पाच वेळा वाचला. मी पुस्तक मिटलं, कोरा कागद दिला. मुद्रा, महास्नानगृह, पक्क्या विटा... आणि पुढे स्वारी पंख्याकडे बघत बसली. "बघा, आत्ताच वाचलं होतं!" आई म्हणाली. मी त्यांना हातानेच थांबवलं. मिनिटभराने ओम ओरडला, "लोथलची गोदी!"

पंख्याकडे बघण्यात गेलेलं ते मिनिट म्हणजेच खरा अभ्यास. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि शिकताना त्यांच्यातले जोड पक्के होतात. पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपण फसतो. पेपरात मात्र तो आतून ओढून काढावा लागतो, आणि त्याचा सराव झालेलाच नसतो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले, १८८५ मध्ये ते छापले. पाठ केलेलं एका दिवसात बरंचसं विरून जायचं. त्याच्या डोक्यात काही कमी होतं असं कुणी म्हटलं नाही.

ओमला हे लगेच कळलं. "आमच्या माळ्यावर गणपतीचं मखर पटकन सापडतं, दरवर्षी काढतो ना. कॅरम कुठंय ते कुणालाच माहीत नाही."

नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या भागाचा आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून त्याचं नाव हिप्पोकॅम्पस. त्या कामाचा मोठा भाग झोपेत होतो. ओम परीक्षेच्या आदल्या रात्री साडेबारापर्यंत जागायचा, शेवटचा तासभर रडत. घाबरलेल्या डोक्यातून आठवलेलंही बाहेर येत नाही. तेव्हा ठरलं असं: संध्याकाळी एकदाच नीट वाचायचं, पुस्तक मिटून आईला सांगायचं, एक दिवस सोडून तेच पुन्हा सांगायचं, दहाला दिवा बंद. आईने मधे चुका काढायच्या नाहीत. (हे सगळ्यात अवघड गेलं.)

मूल बोलता बोलता मधेच हरवत असेल, रोजच्या साध्या गोष्टी विसरत असेल किंवा वाचतानाच अडखळत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. ओमचं तसं काही नव्हतं.

महिन्याभराने दोघं आले. घटक चाचणीत वीसपैकी चौदा. "सहा गेलेच की," ताई म्हणाल्या.

"आई, काल तुला मगधाचा धडा सांगितला ना? त्यातली चार नावं सांग बरं."

ताई पंख्याकडे बघायला लागल्या.