प्रश्न तुमचे : जादूची गोष्ट लिहिताना

प्रश्न : सहावी-सातवीच्या मुलांचा लेखनवर्ग घेते. 'जादू' हा विषय दिला की सगळ्या वह्यांत एकच गोष्ट : संकट आलं, कांडी फिरवली, संकट गेलं. 'कल्पनाशक्ती वापरा' असं कितीदा सांगितलं, फरक पडत नाही. (एक शिक्षिका)

उत्तर : ती सूचना मुलांच्या काही कामाची नाही, तिच्यात हाताला लागेल असं काहीच नसतं. आणि अडचण कल्पनेची नाहीच. कांडीला काहीही अशक्य नाही, म्हणून गोष्ट दोन वाक्यांत आटोपते. जादूला आधी कुंपण घाला. शार्ल पेरोने १६९७ मध्ये छापलेली सिंड्रेला आठवा. परी सगळं देते, पण रात्री बारापर्यंतच. दुसऱ्या रात्री सिंड्रेलाला वेळेचं भान राहत नाही, पळताना बूट निसटतो आणि पुढची सगळी गोष्ट त्या बुटातून निघते. मुदत नसती तर बूट पडलाच नसता.

चाळीस मिनिटांचा तास असेल तर असा वाटून घ्या. पहिली पाच मिनिटं प्रत्येकाने रोज हाताळायच्या दहा वस्तूंची यादी करायची. मुकुट, तलवार, रत्न बाद. या वस्तू आपापल्या जुन्या गोष्टी सोबत घेऊनच येतात. पुढची दहा मिनिटं यादीतली एकच वस्तू धरून तीन प्रश्नांची एकेका ओळीत उत्तरं : ती काय करते? तिला काय जमत नाही? वापरणाऱ्याला काय मोजावं लागतं? मग वीस मिनिटं लेखन, तेही वस्तू पहिल्यांदा वापरली त्या क्षणापासून. उरलेली पाच वाचनाला.

समजा, छत्री. उघडली की आतलं बोलणं बाहेर जात नाही, बाहेरचं आत येत नाही. पाऊस थांबवणं तिला जमत नाही. आणि किंमत अशी, की छत्री मिटताना आत बोललेलं शेवटचं वाक्य सगळ्यांना ऐकू जातं. एवढं ठरलं की मुलंच विचारू लागतात : शेवटचं वाक्य कोणतं? वाऱ्याने छत्री उलटी झाली तर? गोष्ट सुरू झाली.

तिसऱ्या प्रश्नाला 'जादू केली की थकवा येतो' हे उत्तर हमखास येतं. ते स्वीकारू नका. नायक झोपून उठला की हिशेब मिटतो. ज्याला जे जपायचं असतं तेच पणाला लागलं पाहिजे. ही छत्री गुपित सांभाळणाऱ्या मुलीच्या हातात द्या. ज्याच्या पोटात काही राहतच नाही, त्याच्या हातात ती नुसती छत्री. एका वस्तूला एकच शक्ती, यावर मात्र अडून बसा. दुसरी शक्ती हटकून शेवटच्या परिच्छेदात, नायक अडकल्यावर उगवते.

तपासताना पहिल्या खेपेला शुद्धलेखनाला हात लावू नका. 'अद्भुत', 'अवर्णनीय' यांच्याखाली तेवढी रेघ मारा आणि विचारा, दिसलं काय? ऐकू काय आलं? 'छत्री उघडताच अद्भुत वातावरण निर्माण झाले' याचं मग असं काही होतं : 'छत्री उघडली आणि पाऊस मुका झाला. थेंब कापडावर फुटताना दिसत होते, ऐकू येत होता फक्त माझा श्वास.'

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची आहे. भरपूर लिहिते, पण सगळं एका गाजलेल्या चित्रपटातलं, नावांसकट. थांबवावं का? (एक पालक)

उत्तर : अजिबात नको. पात्रं आणि जागा आयत्या मिळाल्यामुळे तिचं सगळं लक्ष संवाद आणि प्रसंगांवर आहे. तेही शिकायचंच असतं. स्वतःचं सुचावं म्हणून शेजारी एक खेळ ठेवा. इटालियन बालसाहित्यिक जानी रोदारी यांच्या १९७३ च्या पुस्तकात तो आहे : एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे आणि तऱ्हेतऱ्हेने जोडायचे. त्यांची जोडी होती कुत्रा आणि कपाट. मराठीत तर प्रत्यय बदलला की काम झालं. कुत्र्याचं कपाट, कपाटातला कुत्रा, कपाटामागचा कुत्रा, कुत्र्यापुरतं कपाट. शब्द दोघांनी, एकमेकांचे न बघता लिहायचे. एकानेच दोन्ही लिहिले तर कुत्रा-मांजर निघतं आणि खेळ तिथेच बसतो.

प्रश्न : नऊ पानं लिहून झाली. राज्याचा नकाशा, पाच घराणी, जादूचे सात प्रकार. गोष्ट काही सुरू होत नाही. (नववीतला विद्यार्थी)

उत्तर : ती पानं तुझ्यासाठी आहेत, वाचकासाठी नाहीत. वेगळ्या वहीत ठेव. सातांपैकी एक प्रकार निवड आणि ती जादू जिथे फसते तिथून तीनशे शब्द लिही. घराण्यांबद्दल काय सांगायचं ते पात्राला गरज पडेल तेव्हाच, एका वेळी एक वाक्य. शेवटी 'जाग आली, ते स्वप्न होतं' असं करू नकोस. तुझ्या पात्राने मोजलेली सगळी किंमत त्याला परत मिळते आणि वाचक चिडतो.

प्रश्न : मंत्र कसे रचावेत? मुलं ओम-ह्रीं-क्लीं तरी लिहितात, नाहीतर इंग्रजीसारखं काहीतरी. (वाचनालयातील एक कार्यकर्ती)

उत्तर : मंत्र आधी कानाने रचायचा, अर्थ मागाहून. 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' मधल्या 'टुणूक'चा अर्थ कोणी सांगत बसत नाही, तरी भोपळा उडी मारताना दिसतो. मुलांकडून आधी दहा नादशब्द काढून घ्या : खुळखुळ, सळसळ, धबाक, असे. त्यातले दोन घेऊन सहा ते आठ अक्षरांची ओळ करायची, एखादा वर्ण दोन-तीनदा आला पाहिजे. मोठ्याने तीनदा म्हणताना जीभ अडखळली तर अक्षरं कमी करा. उलटं बोलणंही चालतं. 'दार उघड'चं 'रदा डघउ' झालं की वर्गात हशा पिकतो आणि ते लक्षातही राहतं. च-ची भाषा बोलणाऱ्या मुलांना हे शिकवावं लागत नाही.

खरी गंमत मंत्र चुकण्यात आहे, आणि त्यासाठी मराठीत 'ळ'सारखं अक्षर नाही. म्हणायचं होतं 'वेळ, थांब'. घाईत तोंडून निघालं 'वेल, थांब'. घड्याळ टिकटिकतंच आहे, दारावर थापा पडताहेत आणि खिडकीवर चढत असलेली वेल तेवढी जागच्या जागी थबकली आहे. पुढचं मुलांना लिहू द्या.