उन्हानं काढलेले फोटो: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आपण उजेड आणि निसर्ग यांच्याशी खेळणाऱ्या आजच्या फोटोग्राफर आणि शिल्पकारांवर एक लेख दिला होता, त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून खूप पत्रं आली. काही खूश होऊन लिहिलेली, काही चिडून. चिडलेली आधी घेतेय कारण त्यातले प्रश्न जास्त चांगले आहेत.

प्रश्न : तुम्ही त्या जपानी सुगिमोतोचं कौतुक केलंत, जो समुद्राचे एकसारखे फोटो काढतो, अर्धं आकाश अर्धं पाणी. मी गेली चार वर्षं ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगोचे फोटो काढतोय, पहाटे उठून, चिखलात उभा राहून. माझ्या फोटोत निदान पक्षी तरी असतात. रिकाम्या पाण्याच्या फोटोत काय बघायचं? (ऐरोली)

दादा, चार वर्षं पहाटे उठताय, म्हणजे ओहोटीच्या वेळी चिखलावर पाण्याची एक पातळ साय राहते आणि त्यात सगळं आकाश उतरतं ते तुम्ही नक्की पाहिलंय. फक्त तेव्हा तुमचा कॅमेरा पक्ष्यावर असतो. हिरोशी सुगिमोतोने 1980 पासून जगभरच्या समुद्रांचे कृष्णधवल फोटो काढले, सगळ्यांत क्षितिज बरोब्बर मध्ये, ना होडी ना किनारा ना पक्षी, कारण त्याच्या डोक्यात प्रश्न होता की हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने जे पाहिलं ते आज आपल्याला जसंच्या तसं पाहता येईल का, आणि जमीन तर माणसाने पार बदलून टाकली, राहिलं काय तर पाणी आणि हवा. म्हणून ते रिकामं दिसतं. पण दोन फोटो शेजारी ठेवले की कळतं की एकात क्षितिजाची रेघ सुरीसारखी आहे आणि दुसऱ्यात धुक्याने ती खाऊनच टाकलीय, म्हणजे दोन्हीकडे पाणी तेच आणि बदललाय तो उजेड.

त्याचीच दुसरी मालिका मला अजून आवडते, जुन्या सिनेमा थिएटरांची. पिक्चर सुरू झाला की कॅमेऱ्याचं शटर उघडायचं आणि पिक्चर संपला की बंद करायचं. अख्खा सिनेमा एकाच फोटोत गेल्यावर पडदा नुसता पांढराशुभ्र येतो आणि त्या पांढऱ्या उजेडात थिएटरचं नक्षीकाम, खुर्च्या, सगळं दिसायला लागतं. एवढ्या हजारो चित्रांचा मिळून शेवटी एक पांढरा चौकोन होतो हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तकाच्या त्या पानावरून पुढे गेलेच नव्हते.

तुमच्यासाठी एक सुचवते. जूनमध्ये फ्लेमिंगो निघून जातात तेव्हा खाडीवर जाणं बंद करू नका. त्याच जागी उभं राहून, क्षितिज मध्ये ठेवून, महिनाभर रोज एक फोटो काढा, तिवरांची रांग सुद्धा आली तर येऊ दे. आणि मग आम्हाला पाठवा, मला खरंच बघायचेत.

प्रश्न : झाडाच्या पानावर फोटो छापतात असं तुम्ही लिहिलंत, रंग नाही शाई नाही. हे खरं आहे का? मी निवृत्त शिक्षिका आहे, गच्ची आहे, वेळ आहे. मला करून बघायचंय. (नौपाडा, ठाणे)

बाई, खरं आहे आणि घरी जमतं सुद्धा, पण धीर लागतो, तो तुमच्याकडे असणारच.

हे काम ज्याच्यामुळे जगभर माहीत झालं तो बिन्ह दान, जन्म 1977, व्हिएतनामचा, लहानपणीच घरच्यांबरोबर अमेरिकेला गेला. त्याने व्हिएतनाम युद्धाचे, नंतर कंबोडियातल्या तुरुंगात मारल्या गेलेल्या माणसांचे चेहरे झाडांच्या पानांवर उमटवले आणि ती पानं रेझिनमध्ये कायमची बंद केली. युद्ध ज्या मातीत झालं तिथल्या झाडापानांनी ते पाहिलंय, त्यांच्या अंगात ते शिरलंय, असा त्यामागचा विचार, आणि तंत्र त्या विचारातूनच आलेलं आहे म्हणून ते मनाला इतकं लागतं. नुसती गंमत म्हणून पानावर चेहरा काढला असता तर कोणाच्या लक्षात राहिलं नसतं.

आता ते होतं कसं. पानातलं हरितद्रव्य कडक उन्हात हळूहळू मोडतं, पान फिकं पडतं. पानावर पारदर्शक शीटवर छापलेला फोटो ठेवला की काळ्या भागाखाली ऊन पोचत नाही, तिथे हिरवं टिकतं, बाकीचं उडतं. त्यामुळे इथे निगेटिव्ह नको, साधा सरळ फोटोच छापायचा. झेरॉक्सवाल्याकडे ओएचपी शीटवर कडक काळा प्रिंट मागा, आणि फिका वाटला तर दोन प्रिंट एकावर एक नीट जुळवून चिकटवा. खाली पुठ्ठा, मग ताजं पान, मग शीट, मग काच, चारही बाजूंनी चिमटे. देठाला ओला कापूस गुंडाळा म्हणजे पान लगेच सुकणार नाही.

माझा अनुभव सांगते. पहिल्यांदा मी मे महिन्यात अळूचं मोठं पान घेतलं, वाटलं एवढी जागा मिळतेय, आणि दुपारी बघते तर ते काचेखाली अक्षरशः वाफवलं गेलं होतं, तपकिरी आणि चिकट. नंतर डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात पालकाचं पान लावलं, आजीचा जुना फोटो होता, रोज सकाळी कापूस ओला करायचा आणि काच अजिबात हलवायची नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं तर आजीचा चेहरा पिवळसर उजळ झालेला, केस आणि खणाची चोळी हिरवी राहिलेली, आणि नथीचा आकडा बरोबर पानाच्या एका शिरेवर आलेला, असा की शीरच वाकून नथ झालीय. हे मी ठरवून करूच शकले नसते. पान जाड पुस्तकात दाबून ठेवलंय, उजेडात ठेवलं तर आजी हळूहळू पुसली जाईल म्हणून.

पानं आपल्या कुंडीतली किंवा मंडईतली घ्या. येऊरला जाऊन तोडू नका, तिथलं जंगल राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

आणि तुम्ही शिक्षिका आहात म्हणून अजून एक सांगते. नवरात्रात घटाभोवती जे धान उगवतं ते शेतातल्यासारखं हिरवंगार नसतं, पिवळं असतं, का? कारण देवघरात ऊन पोचत नाही. नेमकी हीच गोष्ट घेऊन हेदर अॅक्रॉइड आणि डॅन हार्वी ही इंग्लंडची जोडी गवताचे फोटो करते. उभ्या भिंतीवर गवताचं बी लावायचं, खोली अंधारी करायची आणि त्या उगवत्या गवतावर प्रोजेक्टरने निगेटिव्ह टाकायची. जिथे उजेड पडला तिथलं पातं हिरवं, कमी पडला तिथलं पिवळं, आणि अशा हिरव्या-पिवळ्याच्या छटांमधून माणसाएवढा मोठा चेहरा उगवून येतो. जिवंत असतो तो, वास येतो त्याला गवताचा. पुढे तो विरायचा, म्हणून वेल्समधल्या शास्त्रज्ञांकडून त्यांनी हिरवेपणा जास्त टिकणारं गवत घेतलं. शाळेतल्या मुलांना प्रकाशसंश्लेषण शिकवायला याच्याहून छान काही असेल असं मला वाटत नाही.

प्रश्न : माझे वडील पाथरवट होते. पाटे-वरवंटे, जाती, देवळाच्या पायऱ्या, अजून गावाला आहेत. तुम्ही म्हणता तो इंग्रज माणूस पानं जोडतो, बर्फ जोडतो, ते तासाभरात जातं आणि त्याला तुम्ही शिल्प म्हणता. मला हे पटत नाही. (कळवा)

तुमचं न पटणं मला समजतं. वडिलांच्या हातचं पन्नास वर्षांनी पायाखाली लागतंय, त्याच्यासमोर पानाची काय कथा.

पण अँडी गोल्ड्सवर्दीचं अर्धंच काम आम्ही दिलं होतं, चूक आमची. जन्म 1956, इंग्लंडमध्ये वाढला, शाळकरी वयापासून शेतांवर राबला, नंतर स्कॉटलंडच्या एका खेड्यात स्थायिक झाला. हाताशी असेल तेच घ्यायचं असं त्याचं आहे, गळलेली पानं, काटे, बर्फाच्या सुया, नदीतले गोटे. पाऊस सुरू होताना तो जमिनीवर आडवा पडतो आणि भोवतालची जमीन भिजली की उठतो, खाली त्याच्या अंगाचा कोरडा ठसा उरतो, मिनिटभरात तोही भिजून जातो. हातात राहतो तो फोटो. म्हणजे फोटो काढला नाही तर ते शिल्प आपल्यापर्यंत पोचतच नाही, इतकी ही दोन कामं एकमेकांत अडकलीत.

आता दुसरं अर्धं, जे तुमच्या वडिलांना आवडलं असतं. न्यूयॉर्कजवळ स्टॉर्म किंग नावाची मोठी शिल्पबाग आहे, तिथे त्याने 1997-98 मध्ये एक दगडी भिंत बांधून घेतली, 2,278 फूट लांब, चुना नाही सिमेंट नाही, दगडावर दगड, आपल्या कोकणात ज्याला गडगा म्हणतात तसा. त्यासाठी ब्रिटनमधून हे काम पिढ्यान्‌पिढ्या जाणणारे कारागीर नेले. ती भिंत सरळ जात नाही, प्रत्येक झाडाला वळसा घालत सापासारखी जाते, तळ्यात उतरते आणि पलीकडून वर येते. झाड तोडायचं नाही, भिंतीने वाकायचं.

आणि न टिकण्याचं म्हणाल तर आपल्याकडे हरतालिकेला वाळूची पिंड करतात ती दुसऱ्या दिवशी पाण्यात जाते. काही घरांत खड्यांच्या गौरी असतात, पाणवठ्यावरचे पाच-सात खडे आणून पूजायचे आणि परत पाण्यातच सोडायचे. त्या खड्यांना कोणी छिन्नी लावत नाही, तरी आणणारी बाई तो खडा किती वेळ निवडत असते ते बघा कधीतरी.

प्रश्न : सगळी परदेशी नावं. आपल्याकडचं कोणी नाही का? (कोपरखैरणे)

आहेत की. मुंबईचा जितीश कलाट घ्या, 1974 चा जन्म, जे. जे. मध्ये शिकलेला. त्याची पावसाची चित्रं आहेत, कागद पावसात थोडाच वेळ धरायचा, थेंब पडतात त्यांच्या खुणा राहतात आणि पाहणाऱ्याला वाटतं हे रात्रीचं आकाश आहे. वाऱ्याची पण आहेत, पेट घेणाऱ्या द्रव्याने रेघ काढून ती पेटवायची आणि वारा नेईल तिकडे काजळी जाते. नलिनी मालानी, त्याही जे. जे. च्याच, पारदर्शक नळकांड्यांवर उलट बाजूने चित्रं काढतात, ती नळकांडी फिरत असतात, त्यातून दिवा सोडला की भिंतीवर सावल्या एकमेकांतून जातात, 2012 मध्ये जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांचं असंच काम होतं. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे अजिबात परकं वाटणार नाही. आणि अनिश कपूर मुंबईतच जन्मला, 1954 मध्ये. शिकागोतलं त्याचं ते घेवड्याच्या दाण्यासारखं चकचकीत शिल्प स्टीलच्या 168 पत्र्यांचं आहे पण एकही जोड दिसत नाही, आणि ढग त्याच्यावरून चालत जातात.

प्रश्न : आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत सगळ्या झाडांना एलईडी माळा गुंडाळल्यात, वर्षभर रात्रभर चालू. कमिटी म्हणते हे लाइट आर्ट आहे. तुमचं मत काय? (ठाणे)

माझं मत स्पष्ट आहे, नाही. झाडाला रात्र लागते, त्याच्यावर झोपणाऱ्या पक्ष्यांना तर लागतेच, आणि खोड जाड होत जातं तशी घट्ट वायर सालीत रुतते. मुंबई-ठाण्यातल्या झाडांवरच्या लायटिंगबद्दल उच्च न्यायालयात जनहित याचिका गेलीय, कमिटीला तेवढं जरूर सांगा.

दिवे वापरून मोठी कला होत नाही असं मात्र नाही. ओलाफुर एलियासन या कलाकाराने 2003 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या प्रचंड हॉलमध्ये सूर्य उगवून दाखवला होता. अर्धगोल पडद्यामागे पिवळे दिवे, छताला आरसे, हवेत थोडं धुकं. आरशात अर्ध्या गोलाचा पूर्ण सूर्य व्हायचा आणि लोक जमिनीवर आडवे पडून तासन्‌तास वर बघत राहायचे, स्वतःला शोधायचे. ते दिवे एकाच रंगाचा उजेड देणारे होते त्यामुळे सगळं पिवळं नाहीतर काळं दिसायचं. आपल्याकडे रस्त्यावर आधी सोडियमचे पिवळे दिवे होते ना, त्याखाली लाल साडी काळपट दिसायची, तसंच. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांनी हे अर्धं प्रदर्शन स्टेशनवरून घरी येताना रोज पाहिलंय. माळा काढून टाका आणि कोजागिरीला निदान गच्चीवरचे दिवे बंद ठेवा, बस्स.

प्रश्न : सावलीचं शिल्प करता येतं का? मी चौथीत आहे. (सीवूड्स)

येतं ग. अमेरिकेत युटाच्या वाळवंटात नॅन्सी होल्ट नावाच्या बाईंनी 1973 ते 76 मध्ये सिमेंट काँक्रीटचे चार मोठे नळे ठेवले, प्रत्येक 18 फूट लांब, आत बाबा सुद्धा आरामात उभे राहतील एवढे. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आणि सगळ्यात छोटा दिवस, त्या सुमारास उगवता आणि मावळता सूर्य बरोबर नळ्याच्या मधोमध दिसतो. वर त्यांनी नक्षत्रांतल्या ताऱ्यांसारखी मांडलेली भोकं पाडलीत, दुपारी उन्हाचे गोल आत पडतात, म्हणजे भर दिवसा तू तारकांवर पाय ठेवून चालतेस.

तुला वाळवंटात जायला नको. मोठ्या झाडाखाली दुपारी जमिनीवर उन्हाचे जे गोल कवडसे पडतात ना, ते पानांमधल्या फटीतून आलेले सूर्याचे फोटो असतात. फट वेडीवाकडी असली तरी कवडसा गोल, कारण सूर्य गोल. 26 डिसेंबर 2019 ला सकाळी ग्रहण होतं तेव्हा आपल्याकडे झाडाखाली सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते, आईला विचार तिने पाहिले होते का.

आणि मे महिन्याच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावली दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. जुलैच्या शेवटी परत येतो पण तेव्हा ढग असतात. त्या दिवशी साडेबाराच्या आधीच गच्चीवर जा, टोपी घालून, एक स्टीलचा डबा उभा ठेव आणि भोवती खडूने दर पाच मिनिटांनी सावलीची कड काढत जा. सावली डब्याखाली पूर्ण शिरली की घड्याळ बघ आणि ती वेळ, खडूच्या रेघांच्या फोटोसकट, आम्हाला पाठव.