एकाच घरात वाढलेली दोन भावंडे आणि त्यांची दोन बालपणे

‘आम्ही दोघे एकाच घरात, एकाच वस्तीत वाढलो, मग मला जे लख्ख आठवते ते माझ्या भावाला का आठवत नाही? आमच्यापैकी खोटे कोण बोलत आहे?’ हा प्रश्न शब्द बदलून माझ्याकडे वारंवार येतो आणि तो विचारणारी व्यक्ती बहुधा चाळिशी ओलांडलेली असते. त्याआधीची वर्षे शिक्षण, नोकरी आणि संसार यांत जातात. पुढे आईवडील थकतात, जुने घर विकायचे की ठेवायचे याची चर्चा सुरू होते, मुले मोठी होऊन ‘तुमच्या लहानपणी कसं होतं?’ असे विचारू लागतात, आणि आपण ज्याला इतकी वर्षे ‘आमचे बालपण’ म्हणत आलो त्याचे दोन तपशील एकमेकांशी जुळतच नाहीत, हे पहिल्यांदा उघड होते.

अशाच एका बहीण-भावाची ही हकीकत आहे. त्यांची ओळख पटेल असे सारे तपशील मी बदलले आहेत. बहीण सहा वर्षांनी मोठी. भाऊ तिला ताई म्हणतो, म्हणून मीही इथे त्यांचा उल्लेख ताई असाच करते. कुटुंब एका शहरातल्या दाट वस्तीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होते. वडील काही वर्षांपूर्वी गेले, आई हयात आहे. एका कौटुंबिक मेळाव्यात नातवंडांनी जुन्या वस्तीविषयी विचारले, तेव्हा भाऊ रंगून सांगू लागला: संध्याकाळचे खेळ, गच्चीवरचा दंगा, प्रत्येक मजल्यावर उघडी असणारी दारे. ताई मध्येच म्हणाल्या, ‘आणि बाबांची नोकरी गेली होती, ते दिवसचे दिवस कोणाशी बोलत नव्हते, तेही सांग ना.’ भाऊ सर्वांसमोर म्हणाला, ‘ताई, असं काही झालंच नव्हतं. तुला चांगलं काही आठवतच नाही.’ त्यानंतर दोघांचे बोलणे बंद झाले.

ताई एकट्याच आल्या. पहिल्या भेटीत त्यांना भावाविषयी तक्रार करायची नव्हती. त्यांना स्वतःविषयी भीती वाटत होती. आपण इतकी वर्षे मनात बाळगलेले दुःख आपणच रचलेले तर नसेल, असे त्यांना वाटू लागले होते. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण ‘असं झालंच नव्हतं’ हे वाक्य बोलणाऱ्याला किरकोळ वाटते, पण ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन त्याने सरकू शकते.

अशा वेळी मी सर्वांत आधी वयांचा हिशेब मांडते, कारण निम्म्या भांडणांचे उत्तर तिथेच असते. वडिलांची नोकरी गेली तेव्हा ताई नऊ वर्षांच्या होत्या आणि भाऊ तीन वर्षांचा. बहुतेक प्रौढांची सर्वांत जुनी आठवण सरासरी तीन ते साडेतीन वर्षे वयाच्या आसपासची असते आणि त्यापुढच्या दोन-तीन वर्षांतल्याही तुरळकच गोष्टी टिकतात, हे स्मृतीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा आढळलेले आहे. म्हणजे जो काळ ताईंच्या बालपणाचा कणा होता, तो भावाच्या आठवणींची पाने सुरू होण्याआधीच संपत आला होता. तो खोटे बोलत नव्हता. ज्या घरात ताई नऊ वर्षांच्या होत्या, त्या घरात तो जाणत्या वयाचा कधी राहिलाच नव्हता. त्याला आठवणारे घर हे वडिलांना पुन्हा काम मिळाल्यानंतरचे घर होते.

दुसऱ्या भेटीला ताई आपले जुने प्रगतिपुस्तक घेऊन आल्या. त्या एका वर्षी त्यांच्या हजेरीचे दिवस एकदम घटलेले होते, कारण आई कामाला जाऊ लागली होती आणि धाकट्याला सांभाळायला घरी कोणीतरी हवे होते. ‘हे त्याच्यापुढे ठेवते,’ असे त्या म्हणाल्या. मी त्यांना थोडे थांबायला सांगितले. कागद खरा होता आणि ताईंच्या मनातली शंका फिटण्यासाठी त्याचा उपयोग झालाच. पण भावाच्या हातात तो पुरावा म्हणून पडला असता, तर त्याने बचाव केला असता आणि बोलणे पुन्हा खरे-खोटे या खटल्यावर आले असते. ‘मग आईलाच विचारू या’ हा त्यांचा दुसरा विचारही मी लांबणीवर टाकायला लावला. दोन मुलांमधला न्यायाधीश व्हायला म्हाताऱ्या आईला लावणे मला क्रूरपणाचे वाटते. शिवाय त्या काळाशी आईचाही स्वतःचा हिशेब असतो, काही गोष्टी तिने विसरायच्या ठरवलेल्या असतात आणि तो तिचा अधिकार आहे.

भाऊ यायला तयार झाला, पण ‘मी काही चुकीचं बोललेलो नाही’ हे आधी सांगूनच. मी दोघांना एक-एक कोरा कागद दिला आणि आपली वस्ती आपल्याला जशी आठवते तशी काढायला सांगितली. एकमेकांच्या कागदाकडे पाहायचे नाही आणि चित्रकलेची चिंता करायची नाही, एवढीच अट होती. ही युक्ती माझी नव्हे. केव्हिन लिंच या अमेरिकी नगररचनाकाराने बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस इथल्या रहिवाशांकडून त्यांच्या शहरांचे नकाशे आठवणीतून काढून घेतले होते. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून दिसले, की माणसाच्या मनातले शहर हे त्याच्या वावराच्या वाटांनी आणि खुणेच्या जागांनी बनलेले असते. भावंडांच्या बाबतीत मला या पद्धतीचा एक वेगळाच फायदा दिसतो: ‘बाबा कसे होते’ या प्रश्नावर माणसे लगेच भांडतात, पण ‘जिना कुठे होता’ यावर बोलताना ती नकळत एका बाजूला येतात.

ताईंच्या नकाशात घर कागदाच्या मधोमध आणि खूप मोठे होते. घरातून निघालेली एकच जाड रेघ शाळा, दवाखाना, औषधांचे दुकान आणि जिथून उसने पैसे आणायचे त्या नातेवाइकांचे घर, अशी फिरून पुन्हा घरी येत होती. इमारतीच्या मागची बाजू कोरी होती. घराला एक खिडकी मात्र त्यांनी ठळक काढली होती. भावाच्या कागदावर मैदान होते, चढून जायची भिंत होती, गच्ची, एक झाड, पाच-सहा मित्रांची घरे आणि सर्वांचा मिळून एक कुत्रा होता. स्वतःचे घर कोपऱ्यात लहानशा चौकोनाएवढे. त्या चौकोनाला त्यानेही एक खिडकी काढली होती आणि शेजारी लिहिले होते, ‘इथून ताई हाक मारायची.’

दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर मला फारसे बोलावे लागले नाही. भावाने विचारले, ‘मागच्या बाजूला तू काहीच का काढलं नाहीस? तिथेच तर सगळं होतं.’ ताई म्हणाल्या, ‘मी तिथे गेलेच नाही कधी. तू खाली असलास की मी वर खिडकीत असायचे.’ मुलगे आणि मुली यांच्या वावराच्या परिघात असा फरक पडतो, हे इतरत्रही नोंदलेले आहे. रॉजर हार्ट यांनी अमेरिकेतल्या एका लहान गावातल्या मुलांचा अभ्यास केला, जो १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातही मुलग्यांना घरापासून दूर जाण्याची मुभा मुलींपेक्षा बरीच अधिक असल्याचे दिसले. पण इथे मुलगी असण्याच्या जोडीला ताईंवर आणखी एक ओझे होते. साल्वादोर मिनुचिन या कुटुंबोपचारतज्ज्ञाने ‘पालक झालेले मूल’ अशी कल्पना मांडली आहे. मोठ्या मुलाने धाकट्यांची जबाबदारी घेणे हे त्याच्या मते मुळात अनैसर्गिक नाही. जबाबदारी नेमकी सांगितलेली असेल आणि वयाला झेपणारी असेल तर मूल त्यातून घडतेही. बिघडते ते ती न सांगता, न मोजता अंगावर पडली तर. ताईंना ती कोणी सांगितली नव्हती. आई कामाला गेली आणि वडील भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, तेव्हा ती आपोआप त्यांच्याकडे आली.

वाचकांची सहानुभूती इथवर ताईंकडे गेली असेल. म्हणून भावाची बाजू नीट सांगणे आवश्यक आहे. पुढच्या भेटीत तो म्हणाला, ‘ती असं बोलते तेव्हा मला वाटतं, मी तिचं काहीतरी चोरलं. मी खेळलो म्हणून तिला खेळता आलं नाही. मग मला वाटतं, हे सगळं खोटंच असू दे.’ नकाराच्या मागे अनेकदा हीच धास्ती असते. ज्याचे बालपण बरे गेले, त्याला भावंडाचे दुःख आपल्यावरचा आरोप वाटते आणि आपल्या सुखाच्या आठवणी वाचवण्यासाठी तो दुसऱ्याच्या आठवणी नाकारतो. ताईंना तर त्याच्या सुखाचा राग नव्हताच. तो सुखात होता हे आपल्या कामाचे फळ होते, हे त्याला ठाऊक असावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. प्रगतिपुस्तक आता दाखवायला हरकत नव्हती. भावाने हजेरीचा रकाना बराच वेळ पाहिला आणि माफी वगैरे न मागता ‘हे आईला माहीत होतं?’ एवढेच विचारले. ताईंनी मान हलवली.

ताईंच्या आठवणीही पूर्ण नव्हत्या. ‘बाबा कधी हसलेच नाहीत’ हे त्यांचे वाक्य भावाला मान्य नव्हते आणि ते मान्य करायला मीही त्याला सांगितले नाही. वडिलांनी त्याला गच्चीवर सायकल शिकवली होती, पडल्यावर दोघे मिळून हसले होते; त्या वर्षी ताई मोठ्या परीक्षेच्या अभ्यासात बुडालेल्या होत्या आणि घरातली हवा पालटली आहे हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. शिवाय एका आठवणीवर दोघांचाही दावा निघाला. गर्दीत हरवलेले मूल एका शेजाऱ्याने हाताला धरून घरी आणले, हे दोघांनाही स्पष्ट आठवत होते, आणि ते मूल ‘मीच’ असे दोघेही शपथेवर सांगत होते. मर्सिडीज शीन, सायमन केम्प आणि डेव्हिड रुबिन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात प्रौढ जुळ्या भावंडांमध्ये नेमके असेच वाद सापडले होते: घटना एकच, आणि ती आपल्याच बाबतीत घडली असा दोघांचा आग्रह. असे वाद जुळ्यांमध्ये अधिक असले, तरी इतर भावंडांतही आढळतात. घरात पुन्हा पुन्हा सांगितली जाणारी गोष्ट ऐकता ऐकता आपली होऊन जाते. हा वाद मी सोडवला नाही. तो ऐकताना ती दोघे कित्येक महिन्यांनी एकत्र हसली, हे मला पुरेसे वाटले.

ज्यांच्या घरी असाच पेच आहे, त्यांनी आधी एकच प्रश्न विचारून पाहावा: ‘तेव्हा तू किती वर्षांचा होतास?’ खरे कोण हे ठरवण्यापेक्षा हा प्रश्न फार उपयोगी पडतो, कारण त्याच्या उत्तरात दोघेही खरे असण्याची जागा निघते. बोलताना ‘असं होतं’ म्हणण्याऐवजी ‘मला असं आठवतं’ म्हणावे. सुरुवातीला ते कृत्रिम वाटते, पण समोरच्याला प्रतिवाद करण्याची गरज उरत नाही. एकाचे सांगून होईपर्यंत दुसऱ्याने दुरुस्ती करू नये, अगदी तारीख चुकली तरी. आणि हे बोलणे मुलाबाळांसमोर, मेळाव्यात, सर्वांच्या कानांदेखत सुरू करू नये. तिथे माणूस आपली आठवण सांगत नाही, आपली बाजू लढवतो.

या साऱ्याला एक मोठी मर्यादा आहे. आठवण मारहाणीची किंवा लैंगिक अत्याचाराची असेल, तर ‘दोघांचेही आपापल्या जागी खरे’ ही भूमिका घेऊन चालणार नाही. अशा व्यक्तीला नाकारणाऱ्या नातेवाइकांसमोर बसवून नकाशे काढायला लावणे म्हणजे तिच्यावर पुन्हा आघात करणे होय. तिथे स्वतंत्र आणि प्रशिक्षित मदतच हवी. त्याच वेळी समुपदेशकाने ‘अजून काही घडलं असेल, आठवून पाहा’ असा रेटाही लावू नये. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांच्या १९९५ च्या प्रयोगात २४ जणांना, लहानपणी एका बाजारसंकुलात हरवल्याची खोटी गोष्ट घरच्यांच्या नावाने सांगितली गेली, आणि त्यांच्यापैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांना ती पूर्णतः किंवा अंशतः ‘आठवू’ लागली. म्हणून मी ताईंना त्यांनी स्वतःहून जे सांगितले त्यापलीकडचे काही सुचवले नाही.

शेवटच्या भेटीत ताईंनी विचारले, की हे नकाशे आईला दाखवावेत का. मी म्हटले, जरूर दाखवा, पण बरोबर कोणाचे हे विचारू नका. त्यांना यात काय भर घालावीशी वाटते तेवढे विचारा, आणि घालावीशी वाटली नाही तर विषय सोडून द्या. वडिलांच्या स्वभावाविषयी बहीण-भावाचे आजही एकमत नाही. त्यावरून दोघांची फोनवर खडाजंगी होते, मात्र आता फोन मध्येच ठेवला जात नाही, असे ताईंनी नंतर कळवले.